चालतंय की

मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलली, पाठीवर झोपून खाली सरकले आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तळपत्र्याला नुसता टेकवला. जोर असा लावलाच नव्हता. भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा तो वर आला आणि क्लचच्या पेडलशेजारी रबरी मॅटला फुगवटा आला. मी उघड्या दारातून आत वाकून बघत होते. "बघितलं का ताई?" खालून आवाज आला. मॅट उचलली तर रुपयाएवढ्या भोकातून गॅरेजची ऑइल पिऊन काळी झालेली जमीन दिसत होती आणि भोकाच्या कडेचा पत्रा चुरत होता. विटकरी, ओलसर, बोटाला लागला की पुसता पुसत नाही असा. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले, ब्रेक शूच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर हिशोब लिहायला बसले. तळपत्रा दोन्ही बाजू. मास्टर सिलिंडर. मागचे व्हील सिलिंडर. लोअर आर्म. क्लच प्लेट. रेडिएटर. चार टायर, बॅटरी. खाली रेघ मारून 48,000, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'रंग सोडून'. मग तोंडानं म्हणाले, "उघडल्यावर आणखी काय निघंल ते येगळं." आणि झाकण माझ्या हातात दिलं. आत्या समोरच, दहा फुटांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. गाडी तिची, मिस्त्री तिचा विद्यार्थी, आणि झाकण मात्र माझ्याकडं.

हे मला पुढं बरेच दिवस टोचत राहिलं. तिला नसेल टोचलं असं नाही. ती बोलली नाही इतकंच.

आत्यानं ही मारुती 800 घेतली 1998 साली. हायस्कूलमध्ये गणित शिकवायची, पुढं मुख्याध्यापिका झाली, लग्न केलं नव्हतं, हरिपूर रोडवर स्वतःचं तीन खोल्यांचं घर आणि दारात शेवगा. फंडातून पैसे काढून तिनं गाडी बुक केली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले होते, "या वयात कुठं शिकतेस? सांगलीत रिक्षा काय कमी आहेत?" तिनं उत्तर दिलं नाही. पहाटे विजयनगरच्या मोकळ्या रस्त्यांवर जाऊन शिकली आणि महिन्याभरानं त्याच भावाला शेजारी बसवून नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली. वडील जाताना गप्प होते. येताना कवठाच्या बर्फीचा पुडा मांडीवर धरून म्हणाले, "जरा जोरात चालव की." हे वाक्य घरात पुढं वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

सुट्टीत आम्ही भावंडं सांगलीला यायचो तेव्हाची ती गाडी मला नाकानं आठवते. तापलेलं रेक्झिन, थोडंसं पेट्रोल, आणि आत्याच्या पर्समधून सांडलेल्या खडूची पूड. मार्केट यार्डाजवळून जाताना काचा उघड्या असायच्या, कारण एसी नव्हताच, आणि हळदीचा तो घशात बसणारा वास आत यायचा तो मिरजेपर्यंत उतरायचा नाही. थंडीच्या सकाळी ती चोक ओढायची, किल्ली फिरवायची आणि इंजिन खाकरून उठेपर्यंत डोळे मिटून बसायची. प्रार्थना करत असेल असं आम्हाला वाटायचं. तीन सिलिंडर, 796 सीसी, चार गिअर. साठच्या पुढं गेली की गाडी ओरडायला लागायची आणि मागं बसलेल्यांना बोलण्यासाठी ओरडायला लागायचं. गल्लीतल्या कितीतरी बायका बाळंतपणाला याच गाडीतून मिरजेच्या दवाखान्यात गेल्या. त्यातल्या एकीचा मुलगा आता बँकेत आहे आणि आत्याचं पेन्शनचं काम रांगेशिवाय करून देतो, म्हणून ही गाडी फुकट गेली असं कुणी म्हणू नये. आत्याचं चालवणं मात्र वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवावं तसंच, एकही पायरी न गाळता. गाडी थांबवली की न्यूट्रल, हँडब्रेक, पुन्हा पहिला गिअर, आणि उतरल्यावर मागच्या चाकाखाली वीट. सपाट रस्त्यावरसुद्धा. ती वीट मागच्या सीटच्या पायाशी कायम असायची आणि आमची नडगी तिच्यावर हमखास आपटायची.

मग 2019 चा ऑगस्ट आला. कृष्णा आयर्विन पुलाशी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. ज्यांचं घर नदीकाठी आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आत्याला बोटीतून काढलं, गाडी शेवग्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा स्टिअरिंगच्या उंचीवर गाळाची सरळ रेघ होती, आत सीटांवर शेवग्याचा पाला, आणि डॅशबोर्डवर एक मेलेला खेकडा. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळं भरपाईचा विषयच नव्हता. कुणीही शहाण्या माणसानं तेव्हाच भंगारात दिली असती. मिस्त्रींनी ती ओढून नेली, पांढरट झालेलं ऑइल काढलं, प्लग काढून सिलिंडरांत डिझेल सोडलं, कार्ब्युरेटर सुटा करून धुतला, सीटा पत्र्याच्या शेडवर वाळवल्या, आणि दिवाळीच्या आत ती धूर मारत का होईना, दारात आणून उभी केली. मजुरी घेतली नाही. 2021 ला पाणी येणार म्हटल्यावर आत्यानं ती वेळेत विश्रामबागेत नेऊन लावली, एवढं शहाणपण आलं होतं. पण पहिल्या पुराचा गाळ गाडीतून गेलाच नव्हता. तो दारांच्या पोकळीत बसला, दाराखालच्या पट्टीत बसला, तळपत्र्याच्या घड्यांत बसला. पाणी निघून जायला कंपनीनं ठेवलेली बारीक भोकं त्यानं बुजवली आणि आतल्या आत ओल धरून ठेवली. गंज बाहेरून चढतो असा आपला समज असतो. तसा दिसला असता तर बरं झालं असतं, निदान घासता तरी आला असता.

आत्याचे दोन्ही मोतीबिंदू काढले, गुडघ्यानं क्लच दाबेना, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. 2023 ला नोंदणीची मुदत संपली. पंधरा वर्षं झाल्यावर पाच-पाच वर्षांनी आपण ती वाढवून घेतो तशी आधी दोनदा घेतली होती. 2018 ला सरकारी फी 600 रुपये होती. 2022 च्या एप्रिलपासून ती 5,000 झाली. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारला 10,000. शिवाय उशीर झाला म्हणून दर महिन्याला 500 प्रमाणे दोन वर्षांचे, शिवाय पर्यावरण कर, शिवाय नवीन सुरक्षा नंबर प्लेट. म्हणजे मिस्त्रींच्या झाकणावरची रक्कम ही नुसती सुरुवात. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "एवढ्यात बऱ्यापैकी सेकंड हँड गाडी येते. विषय संपव." गाड्या विकत घेणाऱ्या एका साइटवर मी किंमत बघायला गेले तर सालांच्या यादीत 1998 नव्हतंच. यादी त्याच्या कितीतरी पुढून सुरू होत होती. भाऊ हसून म्हणाला, "मग व्हिंटेज म्हणून ठेव." तेही बघितलं. कायद्यानं व्हिंटेज व्हायला नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात. आत्यानं मनातल्या मनात आकडेमोड केली. "2048. मी एकशे दोन वर्षांची होईन. गाडीला काळजी नाही, पण तळ टिकणार नाही."

पहिल्याच मारुतीचं काय झालं ते आठवलं. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात तिची किल्ली दिली. तो फोटो आपल्या पिढीनं कुठं ना कुठं बघितलेला असतो. त्या गृहस्थांनी गाडी आयुष्यभर विकली नाही. ते गेल्यावर ती घराबाहेर गंजत उभी असल्याचे फोटो फिरले आणि मग कंपनीनं ती नेऊन नव्यासारखी केली. देशातली पहिली गाडी असली तर कुणीतरी न्यायला येतं. आत्याची बहुधा लाखो क्रमांकांच्या मागची असणार. तिला न्यायला भंगारवाला आला.

तो आला, भोवती फिरला, बॉनेट वाजवून बघितलं आणि म्हणाला, "वजन साडेसहाशेच्या आसपास. इंजिनाचे पैसे येगळे देतो, ओम्नीला चालतंय." इंजिन दोघींचं एकच, हे खरं. भाव बरा होता आणि पैसे जागेवर रोख. कागदांचं काय विचारलं तर म्हणाला, "कागद तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या की." हे ऐकायला सोयीचं वाटतं. म्हणजे गाडी तुकडे होऊन पाच गावांत गेली तरी आरटीओच्या दफ्तरात ती आत्याच्या नावावर जिवंत. रीतसर करायचं तर चासी नंबरचा पत्रा कापून घ्यायचा, आरसीबरोबर आरटीओत द्यायचा, नोंदणी रद्द करून घ्यायची. तो म्हणाला, "तसलं कुणी करत न्हाई." आणि ऑइल कुठं ओततो ते मी विचारलं नाही, कारण त्याच्या आवारामागून ओढा जातो हे मला माहीत होतं.

त्यानंतर आला तो डिग्रजचा मुलगा.

मिस्त्रींनीच पाठवला होता. पंचविशीतला असेल, मार्केट यार्डात हमाली करतो, अंगठ्याच्या नखांपर्यंत हळद. बरोबर बायको आणि दोन लहान मुली, चौघं एकाच मोटरसायकलवरून आलेले; धाकटी टाकीवर. मुली सरळ गाडीत शिरल्या आणि काच खालीवर करायचं हँडल फिरवायला लागल्या. तो मात्र लाजत ड्रायव्हर सीटवर बसला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, गिअरची मूठ अंगठ्यानं पुसली. मी मॅट उचलून भोक दाखवलं. त्यानं वाकून बघितलं. शेजारी दुसरं होतं तेही बोट घालून बघितलं. आणि माझ्याकडं बघून मनापासून हसत म्हणाला, "चालतंय की."

ब्रेक धरत नाहीत, सांगितलं. "मिस्त्री करून देतील." नोंदणी संपली आहे. "आमच्याकडं पेपर कोण बघतंय?" वीस हजार देतो म्हणाला, दहा आता, दहा ऊस गेल्यावर. बायको काहीच बोलली नाही. ती मागच्या सीटवर मुलींच्या मधे बसून होती आणि सीटचं कव्हर हातानं सारखं करत होती, जणू पाहुणे येणार आहेत. आत्यानं सगळ्यांना चहा दिला, मुलींना राजगिऱ्याचे लाडू दिले, आणि उद्या सांगते म्हणाली.

रात्री आमची जुंपली. माझं म्हणणं, देऊ नये. आपल्याला नको झालेलं गरिबाच्या ओंजळीत घालायचं आणि वर समाधानाची ढेकर द्यायची, ही आपली मध्यमवर्गीय सवय फार जुनी. उसवलेल्या साड्या, पायडल नसलेली सायकल, मुदत संपायला आलेल्या गोळ्या. आता त्यात तळ नसलेली गाडी. ती चार पोती आणि चार माणसं घेऊन अंकलीच्या पुलावरून जाणार, आणि एक दिवस ब्रेकवर पाय दाबला की पाय खालीच जाणार. आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "आणि आत्ता ती धाकटी टाकीवर बसून जाते, ते?" मी म्हटलं, ती आपली जबाबदारी नाही. म्हणाली, "हो ना. म्हणूनच आपल्याला झोप येते."

मिस्त्रींशी बोलले तर त्यांनीही हेच ऐकवलं, जरा जास्त रोखठोक. पाऊस आला की तो पोरगा बायको-पोरींना घेऊन झाडाखाली थांबतो. नवी कार त्याला सात जन्मांत येणार नाही. तळ मी वेल्डिंग करून देतो, दोन पट्ट्या मारतो, ब्रेक करतो, गावातल्या गावात चालवंल. "तुमच्या पुण्यातल्या नियमानं बघितलं तर आमच्या निम्म्या गाड्या भंगारात जातील ताई. मग माणसं काय चालत येणार?" मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. एवढंच वाटत राहिलं की तळ मारून देतो म्हणणारा हा माणूस त्याच तळातून स्क्रू ड्रायव्हर आरपार घालून दाखवणाराही होता. गंजलेल्या पत्र्याला नवा पत्रा वेल्ड करायचा तर धरायला चांगली कड लागते, आणि त्या गाडीत ती कुठं उरली होती?

निकाल लागला तो शेजारच्या वकिलांमुळं. ते संध्याकाळी फाटकाशी उभे राहून बोलतात, आत येत नाहीत. म्हणाले, बाई, मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या म्हणजे सुटलात असं नाही. समोरच्यानं नाव बदलून घेतलं नाही तर दफ्तरात मालक तुम्हीच. 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, गाडी हातोहात तीन-चार जणांकडं फिरली असतानाही, अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर टाकली. आणि इथं तर नोंदणीच संपलेली, म्हणजे नाव बदलणार कसं? आत्या बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. पैशाला ती घाबरली नसावी. तिनं विचारलं ते वेगळंच: "म्हणजे तो कुणाला धडकला तर कागदावर मी धडकले?" वकील म्हणाले, तसंच समजा.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून मुलाला नाही म्हणून सांगितलं. कारणंही सांगितली, सगळ्या पायऱ्यांसकट. पलीकडून तो "बरं बाई, बरं बाई" म्हणत होता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "त्याला वाटलं असेल जास्त देणारा मिळाला."

मग नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र. 2021 च्या धोरणानंतर निघालेलं, बाहेरच्या जिल्ह्यातलं. ऑनलाइन अर्ज केला, आरसी, आधार, रद्द केलेला चेक पाठवला. गाडी चोरीची आहे का ते पोलिसांच्या नोंदींत तपासून बघतात हे कळल्यावर आत्याला फार गंमत वाटली. "कुणी चोरली असती तर बरं झालं असतं." भंगारवाल्यापेक्षा पैसे कमी मिळणार होते, तेही खात्यात. पण तिथं आधी पेट्रोल, ऑइल, कूलंट, बॅटरी वेगळं काढतात आणि मगच पत्र्याला हात लावतात. चासी नंबरचा तुकडा कापून ठेवतात, आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येतो. नवीन गाडी घेताना सवलत मिळावी म्हणून एक प्रमाणपत्रही देतात. ते आत्याला कशाला? मला घे म्हणाली. मला पुण्यात गाडीची गरज नाही, तरी मी हो म्हटलं, आणि लगेच मनात एक-दोन मॉडेल्स फिरूनही गेली.

आदल्या दिवशी दोघींनी गाडी रिकामी केली. कप्प्यात पीयूसीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, एक बंद टॉर्च, दहावीच्या मूल्यमापनाचं 2003 सालचं ओळखपत्र, खडूचे तुकडे, पुराच्या पाण्यानं एकमेकांना चिकटलेला नकाशा. सीट मागं सारली तर तिच्या रुळात अजून गाळ होता, वाळून कडक, नखानं खरवडला तर पापुद्रा निघत होता. आत्यानं झाडू आणून तो झाडायला घेतला. मी म्हटलं, "आत्या, उद्या ती चिरडणार आहेत." "अगं पण घाण कशी द्यायची कुणाला?" म्हणत तिनं पायदान झटकली, काचा पुसल्या, हॉर्न एकदा वाजवून बघितला. बॅटरी बसलेली होती, तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशी टो ट्रकवरच्या पोरानं पुढचं चाक साखळीनं बांधलं, कागदावर सही घेतली, चहा नको म्हणाला, आणि दहा मिनिटांत सगळं उरकलं.

शेवग्याखालच्या चौकोनात आता शेजाऱ्यांची स्कूटर लागते. आत्यानं न विचारता लावू दिली, पण पार्किंग सरळ नसलं की सांगते.

दिवाळीत मिस्त्री फराळाला आले. इकडचं तिकडचं झाल्यावर चकली मोडत म्हणाले, "बाई, त्या डिग्रजच्या पोरानं घेतली गाडी."

"कुठली?"

"जयसिंगपूरची. 2003 मॉडेल. आठशेच."

"तळ?"

"तळ मी मारून दिलाय. ब्रेक नवे टाकलेत."

"पेपर?" याला मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही, चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. आत्यानं थोडा वेळ वाट बघितली, वर्गात बघायची तशी. "हँडब्रेक तरी लागतो का तिचा?"

"आठशेचा कुणाचा लागतोय, बाई?"

"माझा लागायचा," आत्या म्हणाली.

"तुमच्या चाकाखाली वीट असायची."